आहुप्यावरनं आनलेलं ओपन

माझं नाव सुजाता, मी आण्याची. आपल्या महिला मंडळाच्या बाया म्हनल्या, तू आहुप्याला जाऊन आलीस, आमचं काय एवढ्यात जानं व्हनार नाय, मंग लिहून काढ, बैठकीत वाचू. म्हनून लिहिते. दहावीच्या आदीच लग्न झालं माझं, तवा शुद्ध-अशुद्ध बघू नका. आन मी बोलते तशीच दम न खाता लिहिते, वाचनारीनं मधी पानी पिऊन घ्यावं.

आणे आन आहुपे एकाच जिल्ह्यात हायत हे मला अजून खरं वाटत नाय. आपन जुन्नर तालुक्याच्या उगवतीच्या टोकाला, पठारावर. ते आंबेगावच्या मावळतीच्या टोकाला, कड्यावर, पलीकडं सरळ कोकन. आपल्याकडं ढग वाट चुकून येतो. तिकडं ढग घरात येतो आन चुलीपाशी बसतो.

आदी का गेले ते सांगते, नायतर म्हनाल लेकरू कडेवर घेऊन ही बया फिरत कशाला सुटली.

आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका हाय, तिथं चार कॉम्प्युटर हायत. चाकनच्या एका कंपनीनं जुने झाले म्हनून दिलेले. खोलीची चावी माझ्याकडं. सकाळी झाडून घ्यायचं, सांजच्याला पोरं आली की बसवायचं, आन दुपारी यशू झोपली की मी सोता तिथं बसते. यशू म्हंजे माझी लेक यशोधरा, नुकती चालायला लागलीय. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय मी, भाईरून दहावीला बसनार हाय. घरात बसले तर दर घडीला कुनीतरी हाक मारतं, त्या खोलीत कुनी मारत नाय.

तर एक दिवस सकाळी बटन दाबलं आन पडदा काळाकुट्ट. कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं. दुसरा लावला, तो बी तसाच. पोरांच्या शब्दकोशात एकेक शब्द काढला तवा कळलं, कॉम्प्युटर चालवनाऱ्या आतल्या प्रोग्रामची ही कॉपी अस्सल नाय असं लिवलंय. ज्या दुकानदारानं ते कॉम्प्युटर चालू करून दिले व्हते त्याला फोन लावला. तो हसला. म्हनला, "ताई, ते चोरीचंच असतंय. सगळेच टाकत्यात. कोन बघतंय?"

कोन बघतंय म्हनला आन मी उठून आदी दाराला कडी घातली. उद्या कुनी बघितलं तर? पोलीस आले तर चावी कुनाकडं? माझ्याकडं! मला दारात चप्पल वाजली तरी वाटायचं आले. यशूचे बाबा म्हनायचे, पोलिसांना दुसरी कामं नायत का. पन भ्यालेल्या मानसाला हिशेब कळत नाय.

विहाराच्या कमिटीत इषय निघाला. अस्सल इकत घ्यायचं तर छताचं काम राहतंय, आन घेतलं तरी ते नवीन ह्या म्हाताऱ्या मशिनीवर चालनार नाय म्हनत्यात. शेवटी ठरलं, येत्या पुनवेपर्यंत बघू, नाय जमलं तर चारी भंगारात द्यायचे आन खोलीत मांडवाचं सामान ठेवायचं. म्हंजे पोरांची खोली गेली. माझी बी गेली.

तवा आपल्या गावच्या आशाताई, त्यांचं माहेर आहुप्याचं, त्या यशूला डोस द्यायला आल्या आन मी रडवेली बघून म्हनल्या, "आमच्या चंदाकडं जाऊन ये. माझी भाची हाय, तिथल्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवती. तिच्याकडं तुझ्यापेक्षा जुने डबे हायत, पन हे काळंबिळं काय येत नाय. तिचं सगळं ओपन असतंय."

ओपन म्हनल्यावर माझी आशाच सुटली.

आता तुमाला येगळं सांगायला नको. ओपन म्हंजे काय ते आपल्या आळीत शेंबड्या पोराला म्हाईत हाय. भरतीची जागा ओपन, कॉलेजातली शीट ओपन, सरपंचाचं आरक्षन ओपन निघालं की त्या दिवशी आपल्याकडं चहा बी होत नाय. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हनते, त्या मटकी निवडत व्हत्या. मान वर न करता म्हनल्या, "ओपनचं हाय म्हंजे आपलं नसतंय ते. पन जाऊ. दाखला घेऊन जाऊ. इचारायला काय जातंय?"

असं आमी तिघी निघालो, मी, आत्याबाई आन यशू. पिशवीत भाकरी, मिरचीचा खर्डा, यशूची दुपटी, आन पलास्टिकच्या पाकिटात जातीचा दाखला.

नारायणगाव

यशूचे बाबा टोमॅटोची पिकअप चालवत्यात, त्यांनी पहाटं नारायणगावला सोडलं. पुढं बसायला दोघींना जागा, यशू मांडीवर, मागं क्रेट. आळेफाट्याच्या पुढं उसाच्या कडंनं गाडी चालली तशी मी काच वर केली. आत्याबाई म्हनल्या, "काच का लावती?" म्हनलं, बिबट्या. त्या म्हनल्या, "त्याला काय टोमॅटो खायचेत?"

नारायणगावचा बाजार सकाळी बघावा. नजर जाईल तिथवर लाल. क्रेटवर क्रेट, हिंदी बोलनारे व्यापारी, कुनी कुनाचं ऐकत नाय आन सगळे ओरडत्यात. यशूनं एका राशीतला टोमॅटो उचलून थेट तोंडात घातला. तो शेतकरी रागवंल म्हनून मी घाबरून काढाया गेले तर तो म्हनला, "खाऊ दे वयनी, भाव बघता हीच खरी गिऱ्हाईक हाय."

हायवे ओलांडायचा व्हता. मी आपली यशूला छातीशी धरून उभी, एक पाऊल पुढं, दोन मागं. आत्याबाईंनी पदर खोचला, हात वर केला आन सरळ चालायला लागल्या, म्हशी घेऊन जातात तसं. गाड्या थांबल्या बी! मी मागनं पळाले. पलीकडं जाऊन म्हनल्या, "भिऊन उभं राहिलं की गाडीवाल्याला वाटतं तू थांबनारच हाईस."

मंचरच्या एसटीत आमची शीट मोडकी निघाली, एका बाजूला कललेली. आत्याबाई कंडक्टरला म्हनल्या, "भाऊ, बायांना अर्धं तिकीट म्हनून शीट बी अर्धीच दिली का?" कंडक्टरच्या आदी अर्धी गाडी हसली.

घोडेगावच्या पुढं

मंचरवरनं घोडेगावला आलो, तिथं आहुप्याची गाडी मिळाली. गाडी कसली, चालता बाजारच. खताची गोनी, पत्रे, एक कोंबडी, आन शाळेची पोरं. धरनाच्या पुढं वळनं सुरू झाली आन यशूनं सकाळचा टोमॅटो आन दूध सगळं शेजारच्या बाबांच्या धोतरावर काढलं. मला वाटलं धरनी फाटावी. मी पदरानं पुसायला लागले, सारखं माफ करा माफ करा. बाबा म्हनले, "राहू दे गं पोरी. ह्या वाटंवर पयल्यांदा येनारा प्रत्येक पावणा कायतरी ठिवूनच जातो."

मंग डाव्या हाताला पानी लागलं. बायांनो, पानी! आपल्या गावाच्या चार पटीनं पसरलेलं, निळं, डोंगराच्या पोटात शिरलेलं. गाडी चालतीय चालतीय, पानी संपत नाय. आत्याबाई आपल्या टँकरच्या रांगेत आयुष्य काढलेल्या. त्यांचे डोळेच फाटले. म्हनल्या, "आमी हंड्यासाठी भांडतो आन तुमच्याकडं एवढं पानी नुसतं पडून हाय!"

बाबा खिडकीतनं बघत म्हनले, "पडून नाय आजी. आमच्या गावावर हाय ते. त्या तिथं, बेटासारखं दिसतंय ना, त्याच्या अलीकडं माझं घर व्हतं. पानी खालच्या लोकांना जातंय. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात बाया हंडा घेऊनच हिंडत्यात."

आत्याबाईंनी पिशवी पुढं ओढली. तिच्यातनं भाकरी काढली, तिच्यावर खर्डा घातला आन अर्धी बाबांना दिली. दोघं पान्याकडं बघत खात राहिले.

पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला भात कापनीला आलेला, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं डोंगरावर चढत गेलेली. म्हनलं, बाबा, एवढी दगडं कुनी रचली? ते म्हनले, "पडकईनं. आज सगळी मानसं माझ्या उतारावर, उद्या सगळी तुझ्या. एकट्याच्यानं बांध व्हत नाय." आपल्याकडं नांगरटीला इर्जिक करायचे ना म्हातारे लोक, तसंच, पन इथं आख्खे डोंगर शेत झाल्यात. मी पडकई, पडकई असं दोन-तीनदा म्हनून बघितलं, ध्यानात राहावं म्हनून.

आहुपे

आहुप्यात उतरलो तर गाव दिसंना. धुकं. आत्याबाई म्हनल्या, "गाव कुठं ठिवलं?" तेवढ्यात धुक्यातनं एक पोरगी हसत आली, सलवार-कुडता, गळ्यात चावी. हीच चंदा मॅडम. माझ्याच वयाची! मी आपली चष्मा घातलेली मोठी बाई धरून चालले व्हते. तिच्या गळ्यातली चावी बघून मला बरं वाटलं, माझी पदराला असते.

शाळेतल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर खरंच आपल्यापेक्षा जुने. एकाच्या पेटीला झाकन नाय, एकाला दोरी बांधलेली. पन सगळे चालू, आन पडद्यावर सगळं मराठी! पोरं बसली व्हती, कुनी चित्र काढतंय, कुनी टाइप करतंय, कोपऱ्यात काय बी काळं नाय.

मला वाटलं, आता चहाच्या आदीच खरं बोलून घ्यावं, उगा आशा नको. मी पिशवीतनं पाकीट काढलं आन दाखला चंदा मॅडमच्या पुढं ठिवला. म्हनलं, "मॅडम, तुमचं हे ओपन हाय ते आशाताईंनी सांगितलंय. आमी ओपनमधी येत नाय. पन काय सवलत आसंल, थोडं कमी चालनारं आसंल, तर द्या. आमची खोली बंद व्हतीय."

चंदा मॅडमनी दाखला वाचला. मंग माझ्याकडं बघितलं. मंग तोंडाला वढनी लावली आन अशी हसायला लागली की पोरं वळून बघायला लागली. मला रडू यायलाच टेकलं व्हतं. तिनं डोळे पुसले आन माझा हात धरला.

"अगं सुजाता, मी महादेव कोळी. माझा दाखला दावू का तुला? मी ओपन आसते तर ह्या कड्यावर आश्रमशाळेत शिकले आसते का? हे ते ओपन नाय बाई. हे खरंच ओपन."

"म्हंजे?"

"म्हंजे उघडं. सगळ्यांना. घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या. आत काय केलंय ते बघायचं तर बघा. नाय पटलं तर बदला."

आत्याबाईंचा इस्वास बसंना. त्या म्हनल्या, "मंग ते बनवनाऱ्याचं काय? त्याच्या पोटाला?"

"त्यातल्या कायींना पगार हाय, मोठाल्या कंपन्या देत्यात, कारन त्यांचं बी काम ह्याच्यावरच चालतंय. कायी जन हौसेनं करत्यात. एकानं केलं, दुसऱ्यानं त्यात भर घातली, तिसऱ्यानं चूक काढली. आमच्याकडची पडकई म्हना ना."

मी म्हनलं, "म्हंजे आमच्या जत्रेतल्या आमटीसारखं!"

"ते कसं?"

मंग आत्याबाईंनीच सांगितलं, हात नाचवून नाचवून. की आमच्या आण्याला जत्रंत हंडेच्या हंडे आमटी व्हते, तिचा मसाला गावात कुनालाबी इचारा, कुनी लपवत नाय. आन भाकऱ्या घराघरातनं येत्यात, ढीग लागतो, त्या ढिगात कुठली भाकरी कुठल्या आळीची ते कुनाच्या बापाला कळत नाय. "हाटेलवाला मसाला सांगत नाय," आत्याबाई म्हनल्या, "कारन त्याला उद्या पुन्हा तुझ्याकडून पैसं घ्यायचेत."

चंदा म्हनली, "आजी, वर्गात पोरांना मी हे पुस्तकातनं सांगते तर डोळे मिटत्यात. आता आमटीनंच सांगीन."

मंग तिनं एक गंमत दावली. ल्हान पोरांचा अक्षरांचा खेळ. ह दाबलं की हरीन यायचं. चंदा म्हनली, आमच्या पोरांनी हरीन कधी बघितलंच नाय, हितं शेकरू हाय, बिबट्या हाय, हरीन कुठलं. मंग पोरांनी हिरड्याचा फोटो काढला, इथली झाडं सगळी हिरड्याचीच, सगळ्या घरात तेच गोळा करत्यात, आन चंदानं तो खेळ सांभाळनाऱ्याला पाठिवला. तो कुठल्या देशातला, त्याला मराठी येत नाय, हिरडा म्हंजे खातात का लावतात ते म्हाईत नाय. तरी त्यानं दोन-चार गोष्टी इचारल्या आन घेतला. तिनं ह दाबलं. पडद्यावर हिरडा. म्हनली, "आता हा खेळ जगात कुठंबी मराठीत लावला तरी ह हिरड्याचाच."

मी सोता ह दाबून बघितलं, परत हिरडाच. आमच्याकडं कायबी बदलायचं म्हनलं की अर्ज, आन अर्जाला उत्तर नाय. आन हितं आहुप्याच्या पोरांचा हिरडा जगात गेला.

कॉपी करायला घेतलं आन लाईट गेली. तारंवर फांदी पडली व्हती. परतीची गाडी बी निघून गेली. चंदा म्हनली, झालं, आता मुक्काम.

तिचं घर कारवीच्या कुडाचं, शेनानं सारवलेलं, आत चूल आन भाताचा वास. आत्याबाई सवयीनं दारातच टेकल्या. मी बी टेकले. चंदाची आई आतनं ओरडली, "दारात काय बसता पावणं, चुलीम्होरं या! लेकराला गारठवताय व्हय?" आन यशूला उचलून घेऊन गेली बी. मंग आमी आत गेलो. नाचणीची काळी भाकरी, उडदाचं घुटं, नव्या तांदळाचा भात. आपल्या बाजरीला जी चव हाय ती नाचणीला नाय असं आत्याबाई म्हनल्या, तिसरी भाकरी मागताना.

सकाळी लाईट येईपर्यंत चंदानं देवराईत नेलं. देवाच्या नावानं राखलेलं रान. झाडं एवढी की वर बघितलं तर मान दुखती, आन वेली मानसाच्या कमरेएवढ्या, झाडाझाडाला गुंडाळल्याल्या. उन्हाला आत यायला परवानगी नाय असं वाटतं. यशूला खेळायला म्हनून आत्याबाईंनी खालची वाळकी काडी उचलली.

"आजी, खाली ठिवा. हितली काडी बी घरला न्यायची नाय."

"वाळकी हाय गं!"

"वाळकी आसली तरी. सावलीत बसा, झऱ्याचं पानी प्या, नमस्कार करा. पन तोडायचं नाय, आन माझं म्हनायचं नाय. म्हनून तर उरलंय." मंग माझ्याकडं वळून म्हनली, "हे कॉम्प्युटरचं बी तसंच हाय बघ. मोकळं हाय, पन बेवारस नाय. त्याला बी नियम हायत. कायी जनांचा तर असा नियम हाय, आमचं घेऊन तू बदललंस आन दुसऱ्याला दिलंस, तर तुझं बी उघडंच ठिवायचं. कुंपन घालायचं नाय."

आत्याबाईंनी काडी खाली ठिवली. जिथनं उचलली तिथंच, बरोबर.

लाईट आली. चंदानं पेन ड्राईव्ह भरला आन एक बंद पडलेली मशीन माझ्यापुढं ठिवली. "कर."

"मी?"

"मंग तिकडं गेल्यावर काय मी येनार हाय?"

मी एकेक बटन दाबत गेले. एका जागी पडदा इचारतो, आदीचं सगळं पुसू का? माझा हात थांबला. यशू खाली बसून माझा पाय ओढतीय, मला वाटलं मी ह्या शाळेचं सगळं पुसते आन उद्या पेपरात माझं नाव. चंदा म्हनली, "ह्याच्यात कायबी नाय. घरी गेल्यावर मातुर पयलं पोरांचं सगळं दुसरीकडं उतरवून घे, मंगच हो म्हन." मी डोळे मिटून हो म्हनलं. पट्टी सरकत गेली. थोड्या येळानं पडद्यावर मराठीत आलं, स्वागत. मी कुनाच्या लग्नात बी एवढी हसले नसेन.

निघताना म्हनलं, पावती द्या. वाटंत कुनी इचारलं तर? चंदा म्हनली, पावती नसतीच ह्याला. मला ते काय पटलं नाय. आत्याबाईंनी पेन ड्राईव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, म्हनल्या, ही घे तुझी पावती, आन तो पदर माझा नाय त्यांचाच व्हता, पन गाडीत यशूनं गाठ ओढून सोडवली तवा मी माझ्या पदराला बांधला.

परतीला

परतीला एसटी चुकली, जीपनं आलो. जीपमधी मानसं भातासारखी दाबलेली. घोडेगावच्या अलीकडं हवालदारानं हात केला. ड्रायव्हर म्हनला, मेलो, आन सगळ्यांना खाली उतरवलं. मी उतरले ती दोन्ही हातात पदराची गाठ आवळून. हवालदार एकेकाकडं बघत आला आन माझ्यापाशी थांबला. मी पांढरी पडले आसेन, कारन त्यानं इचारलं, "काय वो ताई? काय हाय गाठीत?"

मी वरडलेच, "चोरीचं नाय साहेब! ओपन हाय!"

सगळी जीप माझ्याकडं बघाया लागली. "काय ओपन?" तो म्हनला. आत्याबाईंनी माझ्या हातातनं पदर घेतला, गाठ सोडली आन पेन ड्राईव्ह दावला. आन मंग त्या भल्या बाईनं रस्त्यावर उभं राहून सगळं सांगितलं. काळा पडदा, भंगार, आमटी, हिरडा. हवालदार ऐकत राहिला. शेवटी हळूच म्हनला, "काळा पडदा? कोपऱ्यात इंग्रजी? माझ्या पोरीच्या लॅपटॉपला तेच येतंय. कालेजात शिकती. रोज माझ्या डोक्याला ताप." मंग टोपी काढून डोकं खाजवलं. "मला मिळंल का वो हे?"

ड्रायव्हरनं संधी साधून सगळ्यांना परत आत भरलं. मी आत चढता चढता म्हनलं, आण्याला या, विहारात. म्हनलं खरं, आन पुढं घरापर्यंत जीभ चावत आले. पोलिसाला पत्ता कोन देतं?

घरी

पुनवंच्या आदी चारी मशिनी चालू झाल्या. पयलं पोरांचं सगळं उतरवून घेतलं, मंगच हो म्हनलं, आन ह्या बारी डोळे उघडे ठिवून म्हनलं. एक मशीन तर आदीपेक्षा झटपट चालती. कमिटीचे दादा बघून गेले, आन मांडवाचं सामान आता समाजमंदिराच्या माळ्यावर ठेवायचं ठरलंय. पोरांनी आमटीचा फोटो काढून पाठिवलाय, आ आमटीचा म्हनून. आजून उत्तर नाय, पन चंदा म्हनली येतं, थांब.

आन बायांनो, हे पसरतं कसं ते मी डोळ्यांनी बघितलं. वरच्या आळीतला एक दादा, ज्याचा पाय आमच्या खोलीला कधी लागला नव्हता, तो लॅपटॉप घेऊन आला. बेल्ह्याचा पत्रिका छापनारा आला. शाळेच्या बाई आल्या. सगळे दारात उभं राहून आदी आवाज बारीक करून इचारत्यात, कुनाला सांगू नका, पन आमच्याकडं ते काळं येतंय. म्हंजे मी एकटीच भ्यालेली नव्हते! लोक म्हनतील फुकट हाय म्हनून घेत्यात. फुकट तर ते चोरीचं बी व्हतं. पन ते वापरताना एक कान दाराकडं असायचा, आन ह्याच्यात नाय. जुन्या डब्यावर चालतं, आपल्या बोलीत दिसतं, दुसऱ्याला दिलं तर आपल्यातलं कमी व्हत नाय, इरजनासारखं, आन देताना इकडं-तिकडं बघावं लागत नाय. मला तर वाटतं वाढतंय ते त्यापायीच. आपल्यात बी शेजारनीनं इरजन मागितलं तर नाय म्हनत नायत.

परवा दुपारी मी गनिताला बसले व्हते, यशू झोपलेली. भाईर फटफटी थांबली. बूट वाजले. खिडकीतनं बघितलं तर खाकी! मी झोपलेल्या यशूला उचललं. तशीच दाराशी गेले. तोच हवालदार, काखंत लॅपटॉप, दारात थांबलेला. टोपी काढली, बूट काढावे का नाय ते त्याला कळंना, आन आत यावं का नाय ते बी कळंना. विहाराकडं बघतोय, खोलीकडं बघतोय. आमी पहिल्या दिवशी चंदाच्या दारात बसलो व्हतो ना, अगदी तसाच.

आत्याबाई उंबऱ्यापाशी मटकी निवडत व्हत्या. मान वर न करता म्हनल्या, "या साहेब, आत या. ओपन हाय. दाखला लागत नाय."